आशावहिनींची न वाढलेली पंगत

आशावहिनींची येसराची आमटी मी सांडली. पाहुण्यांनी स्वतः वाढून घ्यायचं, हे मला बघवेना. आग्रह करायला म्हणून पातेलं उचललं आणि निम्मी आमटी सतरंजीला वाढली.

वडीगोद्रीच्या या माझ्या वहिनींनी जन्मभर पंगती वाढल्या. वाढण्याच्या गडबडीत माहेरी आलेली लेक शिवकन्या काय बोलून गेली, ते त्यांना मागाहून दुसऱ्यांकडून कळायचं. यंदापासून मात्र दिवस मावळायच्या आत आमटी, धपाटे, ठेचा करून मधोमध मांडतात आणि सांगतात, "आपापल्या हातानं घ्या."

शिवकन्या सकाळी सासरी निघणार होती. आईला बिलगून हळू आवाजात काहीतरी सांगत होती. वहिनी जागच्या हलल्या नाहीत.

"वहिनी, आमटी सांडली ना!" मी ओरडलो.

"मंग फडकं बी आपल्याच हातानं घ्या, भाऊजी."