जवसाच्या तेलातला दिवाण

विकत घेण्यासारखी एकही वस्तू अख्ख्या नागपुरात मिळत नाही, असं ठाम मत असलेला एकच गृहस्थ मी आयुष्यात पाहिला, आणि माझं नशीब असं की तो गृहस्थ माझा सख्खा काका होता. काका लकडगंजातल्या एका आरामशीनवर, म्हणजे लाकडं कापायच्या कारखान्यात, कारकून होते. संध्याकाळी सायकलच्या कॅरिअरला फळकुटं, पट्ट्या, तिरके कापले गेलेले तुकडे बांधून घरी यायचे, आणि कॅरिअर मोकळं दिसलं की आई विचारायची, "आज बरं वाटत नाही का हो भाऊजी?" माझे वडील लवकर गेले. पाचपावलीतल्या आमच्या दोन खोल्यांत आई, मी आणि काका अशी तीनच माणसं, पण सामान मात्र भरल्या घराचं. संत्र्यांच्या पेट्यांचं कपाट, तुपाच्या रिकाम्या डब्यांवर गादी शिवून केलेली स्टुलं, आईच्या जुन्या लुगड्यांचे पडदे, सायकलच्या फाटक्या ट्यूबच्या पट्ट्या विणून केलेली खुर्ची! या प्रत्येक वस्तूशी वागायची एक रीत असे. कपाट उघडताना आधी खालची फळी गुडघ्याने दाबायची. ट्यूबच्या खुर्चीतून उठताना तिचे दोन्ही हात घट्ट धरून एका दमात उठायचं, नाहीतर ती खुर्ची माणसाला परत आत घ्यायची. आम्हाला सवय होती. नव्या माणसाचे हाल व्हायचे.

रविवारी काका सीताबर्डीला जायचे, ते खरेदीला नव्हे, दुकानं बघायला. एकदा मी सोबत होतो. फर्निचरच्या एका मोठ्या दुकानात काका सरळ आत शिरले, आणि माझ्या डोळ्यांदेखत जमिनीवर उताणे झोपून नव्याकोऱ्या सोफ्याच्या पोटाखाली सरकले. नुसते पाय बाहेर. दुकानदार धावत आला. "काय पाहिजे, भाऊ?" आतून शांत आवाज आला, "काही नाही. तुम्ही खिळे कुठं लपवले ते पाहून राहिलो." लाजेने मी समोरच्या फुटपाथवर जाऊन उभा राहिलो. परतताना मी धुसफुसत होतो, तर काका म्हणाले, "अरे, विकत आणलेलं सामान दुकानदाराच्या मनचं राहते गा. घर आपलं, तं सामानही आपल्या मनचं पाहिजे." महिन्याभरात त्या सोफ्याचा चुलतभाऊ आमच्या पुढच्या खोलीत हजर झाला. काका त्याला दिवाण म्हणायचे.

मला नोकरी लागली आणि स्थळं यायला लागली, तेव्हा हे सगळं माझ्या उरावर बसलं. कुहीकडची एक मुलगी मी पाहून आलो होतो. सुमन तिचं नाव. पोह्यांची बशी माझ्या हातात देताना तिने हळूच, "मीठ कमी आहे, सांगू नका," असं म्हटलं, आणि त्या क्षणी माझा निकाल लागला. करायचं तर हिच्याशीच! तिकडूनही नकार नव्हता. फक्त एक अट होती. मुलीचे वडील आणि त्यांची थोरली बहीण घर बघायला येणार होते, आणि मध्यस्थाने मला बाजूला घेऊन बजावलं होतं की वडील साधे शेतकरी, भले माणूस आहेत, पण शब्द चालतो तो आत्याबाईंचा. त्यांनी मान हलवली तर लग्न, नाही तर राम राम.

मी काकांना हात जोडले. "काका, तुमच्या पाया पडतो, रविवारपर्यंत काही करू नका. आहे ते असू द्या." काकांनी मान डोलावली. ती मान डोलावणं मला तेव्हाच कळायला हवं होतं. गुरुवारी मी ऑफिसातून आलो तर दिवाण, खुर्ची, स्टुलं, सगळं हिरवंगार! आरामशीनच्या फाटकाचा उरलेला ऑइलपेंट. रंग कमी पडत होता, म्हणून काकांनी डोकं चालवलं होतं. रंगारी लोक रंगात अळशीचं तेल घालतात हे त्यांना माहीत होतं. अळशी म्हणजे आपलं जवसच. मग ते विकत कशाला आणायचं? आईच्या स्वयंपाकातलं जवसाचं तेल त्यांनी बरणीभर ओतलं होतं. रंगाऱ्यांचं तेल आधी उकळलेलं असतं, हे मात्र त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यात श्रावणातली दमट हवा. शुक्रवारी काकांनी बोट लावून पाहिलं आणि बोट धोतराला पुसत म्हणाले, "वाळून राहिलं." शनिवारीही ते वाळूनच राहिलं होतं. रविवारी सकाळी घाबरून मी शेजारी खुर्च्या मागायला गेलो, तर शेजारीण कपाळाला हात लावून म्हणाली, "खुर्च्या? उरलेला रंग वाया जाऊ नये म्हणून तुझ्या काकाने आमच्याही रंगवल्या ना बाबू!" तिच्या पलीकडच्यांच्याही रंगवल्या होत्या. आमच्या गल्लीत त्या दिवशी टेकायला कोरडी जागा म्हणून नव्हती.

शेवटी सतरंजी अंथरली. खुर्ची-स्टुलं मागच्या अंगणात नेली. दिवाण तेवढा हलेना, कारण काकांनी तो भिंतीला ठोकून टाकला होता. त्यावर चादर टाकावी तर चिकटणार, न टाकावी तर दिसणार. काकांना मी मागेच थांबायला सांगितलं. पाहुणे आले. वडील खरंच भले माणूस, आले ते थेट सतरंजीवर मांडी घालून बसले. नाक वर करून जरा हुंगून म्हणाले, "जवसाची चटणी केली काय हो बाई?" आई हसली. तिच्या त्या हसण्यात जीव नव्हता. आत्याबाई मात्र उभ्याच. अंगावर नवंकोरं जांभळं लुगडं, उंचापुरा देह, आणि नजर भिंतीवरून, पडद्यांवरून, कपाटावरून सावकाश फिरत होती. घरात पाहुणा आल्यावर पहिला शब्द तोंडातून निघतो तो "बसा." तो शब्द आई आणि मी दाताखाली धरून उभे होतो. "सतरंजीवर..." आई कशीबशी म्हणाली. "मले नाही जमत खाली बसणं, गुडघे गेले माह्ये," आत्याबाई म्हणाल्या. मी म्हटलं, "चला, तुम्हाला आधी दारातलं पेरूचं झाड दाखवतो." त्या म्हणाल्या, "झाडं काय कुहीले नाहीत?" आणि मी हात पुढे करीपर्यंत त्या दिवाणावर बसल्यासुद्धा.

चहा झाला. आत्याबाई बोलत होत्या, पगार विचारत होत्या, आईला गाव विचारत होत्या. एकदोनदा चक्क हसल्यादेखील. मी देवाला म्हणत होतो, बाबा रे, हिला अशीच बसव, उठवू नकोस. पण जायची वेळ झाली. आत्याबाई उठायला गेल्या आणि अर्ध्यावरून परत बसल्या. पुन्हा उठल्या. चर्र असा आवाज झाला, आणि आत्याबाई वर आल्या, लुगड्याचा एक हातभर तुकडा दिवाणावरच राहिला. उरलेल्या जांभळ्यावर हिरवा पट्टा. मग ज्वालामुखी फुटला. "कोण्या येड्याचं काम आहे हे? नवं लुगडं माह्यं! असा माणूस ज्या घरात राहत असन, त्या घरात मी पोरगी देत नाही. चाल गा, ऊठ तू!" वडील गोंधळून उठले. माझं सगळं संपलं होतं. डोळ्यांसमोर ती पोह्यांची बशी आली.

तेवढ्यात मागच्या दारातून काका आत आले. अंगात बनियन, हातात रॉकेलचं फडकं. ते आत्याबाईंसमोर वाकले. "बाई, हे माह्यं काम. पण मी काही या घरचा नाही. दूरचा नातलग आहो, दोन दिवसासाठी आलो होतो. रिकामं बसवत नाही, म्हणून हात लावला. परवा जाऊन राहिलो. हे माय-लेक लय चांगले आहेत. माह्यापायी त्यायले नाही म्हणू नका." आई काही बोलायला गेली, तर काकांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती गप्प झाली. मीही गप्प राहिलो. लहानपणापासून ज्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून मी शाळेत गेलो, ते माझ्यासमोर आपण या घरचे नाही म्हणत होते, आणि मला सुमन हवी होती. "पाहुणाच आहे ना? मंग ठीक आहे," आत्याबाई म्हणाल्या. "घर बाकी नेटकं आहे बाई तुमचं."

लग्न ठरलं, आणि तिसऱ्या दिवशी काकांनी खरंच पिशवी भरली. आरामशीनच्या मालकाला राखणदार हवा होता, आवारात खोलीही होती. मी भांडलो, आई रडली. काका म्हणाले, "मी त्या लोकाईसमोर बोललो ना? उद्या मी इथंच दिसलो तं पोरीचा बाप म्हणन, ह्या घरचं सगळंच खोटं. मंग ते पोरगी कोणत्या तोंडानं नांदन?" लग्नात ते मागच्या रांगेत बसून जेवले. नंतर शनिवारी पिशवी घेऊन पाहुण्यासारखे यायचे, पाणी मागून प्यायचे, काहीतरी ठाकठोक करायचे आणि रविवारी निघून जायचे. सुमन त्यांना "बसा ना काका" म्हणाली की ते आधी दिवाणाला बोट लावून पाहत.

वर्षभराने कधीतरी सुमनने आईला विचारलं की हे काका पाहुणे, मग न विचारता त्यांना कपाटाच्या खालच्या फळीला गुडघा लावायचं कसं कळतं? आईला राहवलं नाही. तिने सगळं सांगितलं. सुमनने चपला घातल्या, मला म्हणाली, "रिक्षा बोलवा." लकडगंजात आम्ही ती खोली पहिल्यांदा पाहिली. आत एक चटई, एक माठ, दोरीवर एक धोतर. बस्स. बाहेर आवारभर लाकूड पडलेलं, आणि खोलीत एक फळी नाही, भिंतीत एक खिळा नाही. मी विचारलं, "काका, इथं काहीच नाही केलं?" ते ओशाळून हसले. "इथं कोणासाठी करू गा?"

सुमनने दोरीवरचं धोतर ओढून घडी घातली, पिशवीत कोंबलं. "काका, मले पाळणा पाहिजे," ती म्हणाली. "दिवाळीच्या आधी. दुकानातला नाही चालत मले. अन् माह्या आत्याशी मी बोलते, ते तुम्ही नका पाहू." काकांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "सागाचा करावा लागन. वजनाले बरा राहते." आणि मग बराच वेळ ते खोलीत आपल्या चपला शोधत राहिले. त्या त्यांच्या पायांतच होत्या, पण आम्ही दोघांनीही सांगितलं नाही.