अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा

फोन आला तेव्हा मी जळगावात वर्गावर निघाले होते. "आबा गेले," धुळ्याहून धाकटा भाऊ म्हणाला. आता काही आठवडे उलटलेत. भेटायला येणारा प्रत्येक जण माझ्या वडिलांच्या शिस्तीबद्दल बोलतो. मला त्यांच्या एका चुकीबद्दल लिहायचंय, आणि तेही ताठ मानेनं.

आबा शिंदखेड्याला शाळेत गणित शिकवायचे. दर जूनला नव्या वर्गाच्या फळ्यावर सात एक्के ओळीनं मांडायचे... १११११११. "ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः, याखेरीज हिला कशानंही भाग जाऊन दाखवा!" तरुणपणी त्यांनी स्वतः भागून पाहिलं होतं, त्यात कुठेतरी वजाबाकी चुकली असणार. पण सरांनी सांगितलंय म्हटल्यावर पडताळून कोण पाहतो? मी नववीत त्यांच्याच वर्गात होते आणि हट्टी होते. दिवाळीच्या सुट्टीत एकेक मूळ संख्या घेऊन भागत बसले. दोनशे एकोणचाळीसला बाकी शून्य आली. घरी सांगितलं असतं तर घरातच मिटलं असतं, पण आव्हान वर्गात दिलेलं होतं. शाळेत त्यांना 'सर' म्हणायचा कडक नियम, आणि माझ्या तोंडून भर वर्गात निघालं, "आबा, दोनशे एकोणचाळीसनं भाग जातो."

गावात आबांचा शब्द म्हणजे उत्तर, आणि तोच मी खोटा पाडत होते. त्यांनी फळ्यावर भागाकार केला. मग २३९ गुणिले ४६४९ करून पाहिलं. खडू खाली ठेवला. वर्गात कधी अहिराणी न बोलणारे आबा वळले आणि म्हणाले, "मी चुकनू. मनी पोर बरोबर शे." भर वर्गात 'माझी पोर'!

तिथे संपलं असतं तर ते आबा कसले! आधीच्या सगळ्या तुकड्यांना आपण चुकीचं शिकवलं, हे त्यांच्या जिवाला लागलं. बसस्टँडवर, बाजारात, जुना विद्यार्थी दिसला की त्याला थांबवून आपली चूक सांगायचे. एकदा तर लग्नाच्या स्टेजवर चढून नवरदेवाच्या कानात सांगून आले. आई कपाळावर हात मारायची. मला मात्र हा माणूस आपला बाप आहे, याचा अभिमान मावत नसे.

परवा शिंदखेड्याचे एक कापड दुकानदार भेटायला आले. आबांचे अगदी सुरुवातीचे विद्यार्थी, पुढे सुरतेला गेलेले. डोळे पुसत म्हणाले, "सरांची ती सात एक्क्यांची संख्या मी नातवंडांना कोडं म्हणून घालतो. अजून कोणाला भागता आली नाही!"

त्यांचा चेहरा इतका खुलला होता की वाटलं, राहू द्यावं. पण मग आबांची लेक कशाला म्हणवून घ्यायचं...

"काका, दोनशे एकोणचाळीसनं भागून बघा."

त्यांनी मोबाइलवर भागून पाहिलं. पुन्हा पाहिलं. "सरांना ठाऊक होतं?"

"हो. तुम्हालाच तेवढं सांगायचं राहिलं होतं."