गोबरगॅसवरचे रोडगे

पुण्यात त्या वर्षी रॉकेलच्या रांगेत उभं राहणं हाच माझा मुख्य व्यायाम होता. तशात नामदेवचं पत्र आलं. नामदेव हा कॉलेजात माझ्या खोलीवर राहणारा मित्र. आता वाशीमजवळच्या अनसिंगच्या पुढे एका गावात मास्तर आहे. ‘घरी शेणाचा गॅस बसवलाय. काडी ओढली की निळी ज्योत! रॉकेल नको, लाकूड नको. येऊन बघच.’

मी त्याच दिवशी रजेचा अर्ज टाकला. ज्योतीचं कुतूहल होतंच, पण खरं सांगायचं तर माझ्या डोळ्यांपुढे रोडगे होते. (गव्हाच्या जाडसर पिठाचे गोळे शेणाच्या गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, फोडायचे आणि तुपात बुडवायचे, ते रोडगे.) नामदेव खोलीवर त्यांचं वर्णन करायचा आणि मी मेसची आमटी गिळत ऐकायचो. प्रत्यक्षात एकही रोडगा मी तोवर पाहिलेला नव्हता.

अकोल्याला मोठी गाडी सोडून छोट्या लाईनीच्या गाडीत बसलो. खिडकीबाहेर तुरी, हरभरा, मधेच पांढराशुभ्र कापूस. मी इतका टक लावून बघत होतो की समोरच्या बाईंनी हरभऱ्याचा अख्खा डहाळा माझ्या मांडीवर ठेवला.

“खा ना जी. नुसतं कायले पाहून राह्यले?”

वाशीम येईपर्यंत मी खात होतो. तिथून एसटीनं अनसिंग, आणि पुढे नामदेवची दमणी (दोन बैलांची हलकी गाडी). कच्च्या रस्त्यानं माझी हाडं खुळखुळली, पण मी शाळेच्या सहलीला निघाल्यासारखा खुशीत होतो.

घरी पोचताच नामदेवनं मला गोठ्यामागे नेलं. जमिनीत खोल गोल विहीर, तिच्यात शेणाचा काला, आणि त्या काल्यावर उपडा तरंगणारा मोठा लोखंडी ड्रम. खाली गॅस साठला की ड्रम वर उचलला जातो. तिथून नळी थेट स्वयंपाकघरात. आणि कुजून उरलेलं शेण शेतात. “तेच शेण आधी चूल पेटवतं, मग गव्हाला जातं,” नामदेव सांगत होता. आत त्याच्या बायकोनं, विमलनं, काडी ओढली. भप्प! निळी ज्योत. मी चक्क टाळ्या वाजवल्या. पाच मिनिटांत चहा झाला.

चहा घेताना नामदेवच्या वडिलांनी, किसनरावांनी, मायेनं विचारलं, “बोला पाव्हने, काय खासान?”

“रोडगे!” मी म्हणालो.

नामदेवनं माझा पाय तुडवला, पण फार उशिरा. गोठ्यातलं सगळं शेण आता गॅसला जात होतं. घरात औषधालाही गोवरी उरली नव्हती. त्यात किसनरावांच्या मनातून हा गॅस पहिल्यापासून उतरलेला.

“ज्या घरी पाव्हन्याले रोडगे भेटत नाई, ते घर कायचं?” ते उठले. “आज रोडगे झाले नाई ना, तर उद्या हा खड्डा बुजवून टाकतो!”

कोपऱ्यात नामदेवची आई डाळ निवडत होती. तिचे डोळे धुरानं कायमचे लाल झालेले. तिनं एकदा वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. मला माझी जीभ कापून टाकावीशी वाटली.

किसनराव गोवऱ्या मागायला निघाले आणि मी अपराध्यासारखा त्यांच्या मागे. गल्लीतल्या भिंती गोवऱ्यांनी भरलेल्या होत्या, पण पहिल्या घरची बाई म्हणाली, “ओल्या हायेत मामाजी.” दुसऱ्या घरीही ओल्याच. तिसऱ्या घरची तर गोवऱ्यांच्या ढिगाला टेकूनच बसली होती.

“ह्या तं वाळल्या दिसतात!” किसनराव म्हणाले.

“ह्या लेकीच्या बाळंतपनासाठी ठेवल्या.”

“तुही लेक तं आठ वर्षांची हाय!”

“मंग? आतापासूनच जमा करा लागते ना!”

किसनराव हात हलवत परत फिरले. या सगळ्याजणी विमलची निळी ज्योत आधीच बघून गेल्या होत्या, हे मला मागाहून कळलं. किसनरावांच्या घरी गॅस टिकला, तरच आपल्या घरी तो येईल हे त्यांनी पुरतं ओळखलं होतं.

“मी गॅसवरच करतो मामाजी,” विमल म्हणाली.

तिनं लोखंडी कढईत नदीची रेती तापवली, रेतीवर रोडगे मांडले आणि वर दुसरी कढई पालथी घातली. अर्धा तास छान गेला. मग ज्योत मिणमिणायला लागली. थंडीचे दिवस, गॅस कमी. नामदेव विहिरीकडे धावत ओरडला, “ड्रमवर वजन ठेवा लागते! वजन!”

आजूबाजूला दगड शोधायचे सोडून सगळे माझ्याकडे बघू लागले. माझं वजन पुण्यातही चर्चेचा विषय होता.

मला दोघांनी हाताला धरून ड्रमवर बसवलं. ड्रम हळूहळू खाली जायला लागला आणि जाता जाता विहिरीच्या मधोमध रोवलेल्या खांबाभोवती फिरूही लागला. आधी मला कडुनिंब दिसला, मग गोठा, मग भिंतीवरून डोकावणाऱ्या त्या तिन्ही बाया, मग पुन्हा कडुनिंब.

“वाढला! जाळ वाढला!” आतून विमल ओरडली.

“पुन्याचा मानूस शेनावर तरंगून राह्यला वं!” भिंतीवरून कुणीतरी म्हणालं, आणि मग हसण्याला धरबंध राहिला नाही. मी स्वतः इतका हसलो की ड्रम डुचमळायला लागला.

पळसाच्या पत्रावळीवर रोडगे आले. सोबत तुरीचं वरण, वांग्याची झणझणीत भाजी, तूप. किसनरावांनी रोडगा फोडला. बराच वेळ चावला.

“गवरीचा वास नाई,” ते म्हणाले. विमलचा चेहरा पडला. “पाव्हने, तुमीच सांगा. तुमी म्हनसान तसं.”

“असे रोडगे मी जन्मात खाल्ले नाहीत!” मी तोंडभर म्हणालो.

“याच्या आंधी कुठी खाल्ले व्हते?”

“कुठंच नाही,” मी कबूल केलं.

सगळे पुन्हा हसले. किसनराव हसले नाहीत. “म्हंजे न्याय झालाच नाई.”

तेव्हा नामदेवची आई बोलली. दिवसभरात पहिल्यांदाच.

“त्या वासापायी मी चाळीस वर्षं डोये चोळत बसली. तुमाले रोडगा दिसे, माहे डोये नाई दिसले. आता हे पोरीच्याही नशिबी कायले?”

किसनराव तिच्याकडे बघत राहिले. मग चटईवर थोडे सरकले, एक पत्रावळ ओढून शेजारी मांडली आणि म्हणाले, “बस. गरम हायेत तवर खाय.”

त्या घरात बाया मागाहून जेवत. ती गोंधळली, पण बसली. त्यांनी तिच्या रोडग्यावर तूप ओतलं, जरा जास्तच. तिनं पहिला घास घेतला.

सकाळी उठून पाहतो तर गॅसच्या विहिरीपाशी किसनराव धोतर खोचून कोपरापर्यंत शेणात! “पाव्हने, पाह्यता काय? पानी टाका!” मी बादली उचलली. परतीची गाडी पकडली तेव्हाही माझ्या नखांत शेण होतं.

पुण्यात पोचलो त्या रात्री बायको नेहमीप्रमाणे गरम पोळी वाढायला उभी राहिली. मी तिच्या हातातलं उलथनं काढून घेतलं. “आज आधी तू बस. मी वाढतो.”

तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. ताप नव्हता. मग पदर सावरत ती पाटावर अवघडून बसली.

मी पोळी वाढली आणि तुपाचं भांडं हातात घेऊन तसाच थांबलो. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि तिला पोळीवर तूप किती लागतं हे मला तिला विचारावं लागलं.