हमिदाला ऐकू येत नसे तेव्हा

हमिदा गेल्याची बातमी मला हिंदीतून कळली. तिला हे आवडलं नसतं. सकाळी मी कपडे वाळत घालत होते आणि भिंतीपलीकडून, आदल्या संध्याकाळीच मुक्कामाला आलेली तिची सून शबनम म्हणाली, "सुमनआंटी, अम्मी नहीं रहीं." झोपेतच गेली होती. भिसेगावात आमची घरं एकाच भिंतीच्या दोन बाजूंना. आमचं बोलणं इतकी वर्षं त्या भिंतीवरूनच चाललं... त्या दिवशी पहिल्यांदा मला दारातून आत जावं लागलं.

हमिदाचं माहेर-सासर दोन्ही किनाऱ्याकडचं. घरात ते लोक कोकणी बोलत, म्हणजे आपली मराठीच, पण समुद्राची हवा लागलेली. मुलगा सलीम रसायनीच्या कारखान्यात लागला, तिकडेच राहिला. शबनम उत्तरेकडची, त्यामुळे घरात हिंदी आली. मग शाळेनं सांगितलं, मुलांशी इंग्रजीत बोला. मोठी मुलगी इनाया चौथीत जाईपर्यंत कोकणी फक्त सलीम आणि हमिदा यांच्यात उरली होती, तीही फोनवर. माझा पुण्याचा नातू माझ्याशी इंग्रजीत बोलतो, मी हसून मान डोलावते. हमिदाला तसं जमायचं नाही. "हिंदी तिला रस्त्यावर बी मिलंल, टीवीत बी मिलंल," ती एकदा भिंतीवर कोपर टेकून म्हणाली. "ही बोली कुठं मिलंल गं? माज्याच घरात ना? मी गेली का मंग?" तिचा आवाज बारीक झाला होता. एरवी ती गल्लीभर ऐकू जाईल असं बोलायची.

तिनं काढलेला उपाय तिलाच शोभणारा होता. सुट्टीला नाती आल्या की हमिदाला हिंदी ऐकू येईनासं व्हायचं. दुपारभर हिंदी मालिका बघणारी ही बाई! तांदळाची सांदणं वाफवून ओट्यावर घेऊन बसायची, गल्लीतली पोरंही जमायची. कुणी हिंदीत मागितलं की कानाला हात लावून म्हणायची, "काय बोलतंय? मना ऐकाला येत नाय." पोरं खोडकर. दोन दिवसांत शिकली. "मना दे, मना दे," असा गलका माझ्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. शिकली नाही ती इनाया. तिला सगळं समजायचं, पण ती आजीकडे टक लावून बघायची आणि बोटानं दाखवायची. शेवटी हमिदाच हरायची आणि तिच्या ताटलीत सांदण टाकायची.

शबनमला मात्र हा प्रकार खराच वाटला. सून मायेची, तिनं मनावर घेतलं. सलीम शिफ्टवर, म्हणून हीच सासूला पनवेलला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. हमिदा अडकली. तिथला माणूस हिंदीत म्हणाला, आवाज आला की हात वर करा. शेजारी सून आणि इनाया बसलेल्या, हात वर करणार कसा? परत आल्यावर तिनं मला कानाचं मशीन दाखवलं. आम्ही दोघी भिंतीला धरून हसलो. मग मी म्हटलं, "आता सांगून टाक." ती म्हणाली, "सांगितला तर इनाया कवाच बोलायची नाय." शबनम आली की ती इमानानं ते मशीन घालायची आणि त्याच्यासकट बहिरी राहायची.

आमचं शेवटचं बोलणंही त्यावरच झालं. नाती नुकत्याच रसायनीला परतल्या होत्या. "या येलेला बी एक अक्षर बोलली नाय," हमिदा म्हणाली आणि रिकामं भांडं उचलून आत गेली.  

हमिदा गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी शबनमनं सांदणं केली. तिला ती जमत नाहीत, जरा घट्ट झाली होती. मशीनची डबी अजून फडताळात, चहाच्या डब्याशेजारी होती. इनाया आजीच्या जागी ओट्यावर बसून वाढत होती, मी पायरीवर. धाकटी मरियम ताटली पुढे करून म्हणाली, "दीदी, मुझे भी दो ना." इनायानं वर पाहिलं नाही. कानाला हात लावला आणि म्हणाली, "मना ऐकाला येत नाय."

शबनमच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "आंटी, इसको भी?" तिनं घाबरून मला विचारलं.  मरियम बहिणीकडे बघत राहिली, ओठ पुसले आणि हळूच म्हणाली, "मना सांदण दे."

इनायाला लगेच ऐकू आलं.