ओढ्याकाठच्या बिल्कीसआपा

पनवेलच्या बाजारात बिल्कीसआपांचं औषधांचं दुकान आहे. दुपारी दुकान नणंदेवर, फरहावर सोपवायचं, गळ्यात दुर्बीण अडकवायची आणि स्कूटरला किक मारायची, हा त्यांचा नेम. पक्षी पाहणाऱ्यांचा आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही त्यांचाच.

गेल्या पावसाळ्यात पळस्प्याच्या पुढे, शकूताईंच्या शेताच्या बांधाखाली, त्यांना तिबोटी खंड्याचं घरटं सापडलं. चिमणीपेक्षाही लहान, रंगांनी माखलेला हा पक्षी ओढ्याच्या मातीच्या काठात बीळ करून अंडी घालतो. आपांनी ग्रुपवर एवढंच लिहिलं, "खंड्या आला. विणीचे दिवस आहेत, जागा सांगणार नाही."

पण ग्रुपमधल्या परेशने रस्त्यालगत त्यांची स्कूटर ओळखली, बीळ शोधलं आणि नकाशासकट फोटो टाकला. रविवारी मी आपांच्या मागे बसून तिथे गेले, तर ओढ्यात कॅमेऱ्यांची रांग, परेश सगळ्यात पुढे! समोरच्या फांदीवर एक खंड्या चोचीत पाल धरून ताटकळलेला. बिळात पिल्लं भुकेली.

मला वाटलं, आपा आता कडाडणार. त्यांनी गळ्यातली दुर्बीण काढून परेशला दिली.

"फोटो राहू दे. नुसतं बघ त्याच्याकडे."

तो बघत राहिला. खंड्या बिळाकडे झेपावला, अर्ध्यातून परत फिरला. पुन्हा तेच.

"घाबरलाय तो," परेश पुटपुटला.

"आपल्याला."

परेशनेच मग सगळ्यांना कॅमेरे उचलायला लावले. ग्रुपवरचा फोटोही काढून टाकला, पण तोवर तो कुठे कुठे पोचला होता. लोक येतच राहिले. शकूताईंनी वाटेवर काटेरी फांद्या टाकल्या. "माज्या बांधावरून कोनी जायाचा नाय!" आपा छत्री घेऊन रस्त्यावर उभ्या राहायच्या. पण आलेल्याला त्यांनी कधी रिकामं पाठवलं नाही. "चला, तळ्यावर अडई बदकं दाखवते," म्हणत स्वतः घेऊन जायच्या. चिडून आलेले कितीतरी लोक आज आमच्या ग्रुपात आहेत, आणि घरट्याचा पत्ता कुणीच टाकत नाही.

एका सकाळी बिळाबाहेरच्या वेलीवर फिकट चोचीचं पिल्लू बसलेलं दिसलं. आम्ही लांब, बांधाआड होतो.

"एवढासा हाय, नि त्याच्यासाठी तुमी भिजताव?" शकूताई म्हणाल्या.

"तुम्ही नाही भिजलात?" आपा हसल्या आणि दुर्बीण शकूताईंच्या डोळ्यांना लावली.