सर्व टेबलांवरून छपाई

"माझा कम्प्युटर बंद नोका करजा जी!" दारातून बाहेर पडताना तो हे सांगायचा, पाच पावलांवरून मागे येऊन पुन्हा सांगायचा आणि चहाच्या टपरीवर पोचला की फोन करून तिसऱ्यांदा सांगायचा.

देवरीतल्या एका कचेरीत मी तेव्हा बडे बाबू होतो. कोणती कचेरी ते विचारू नका, तिथली माणसे अजून नोकरीत आहेत. तो आमचा ऑपरेटर, चिचगडकडचा, अकरा महिन्यांच्या करारावर आलेला. कम्प्युटर पाच आणि प्रिंटर एक, असा आमचा संसार. प्रिंटर त्याच्या कम्प्युटरला जोडलेला. बाकीच्या चार टेबलांवरून पाठवलेला कागद त्याच्या मशीनमधून जायचा आणि मगच छापून निघायचा. त्याचे मशीन बंद पडले की साहेबांच्या सहीलासुद्धा कागद मिळत नसे.

खुर्चीवर नीट टेकलेले मी त्याला क्वचितच पाहिले. उभ्याउभ्या टाइप करायचा, तेही या पायावरून त्या पायावर. कागद अर्धा बाहेर आला की ओढायचा. मी ओरडायचो, "अरे, निघू तर दे त्याला!"

"बाहेर लोक उभे आहेत ना, बाबूजी."

लाईट गेली की यूपीएस किंचाळू लागायचा आणि हा त्याच्याहून मोठ्याने. अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्या शेजारी बसून आपल्यालाच दम लागतो.

एकदा धूळ पुसताना मला प्रिंटरच्या मागे स्टिकर लावून झाकलेली एक खाच दिसली. ही कशाची, म्हणून विचारले.

"नेटवर्कची. त्यात वायर लावली का प्रिंटर आपापला चालते. कोनाच्या कम्प्युटरची गरज नाई."

"मग लाव की."

"लावू जी. आता घाई आहे."

घाई तर त्याला बारा महिने असायची. पण मी काही दुधखुळा नव्हतो. दर अकरा महिन्यांनी त्याच्या मुदतवाढीची टिपणी साहेबांपुढे जायची आणि ऑपरेटर नसला तर छपाई बंद पडते, या एका कारणावर मंजूर व्हायची. ती खाच उघडली की त्याची नोकरी गेली असती. मी पुन्हा विषय काढला नाही. फक्त चिडवायचो, "लग्न केलंस तर बायकोला इथेच आणून बसव. तुझं मशीन चालू ठेवायला कोणीतरी हवं."

लग्नही ठरले. साक्षगंधासाठी, म्हणजे साखरपुड्यासाठी, त्याने एका दिवसाची रजा घेतली आणि मशीन चालू ठेवून, तिघांना बजावून गेला. दहा वाजता लाईट गेली. यूपीएस जेमतेम दहा मिनिटे तगला. लाईट आल्यावर मशीनने पासवर्ड मागितला. त्याचा फोन लागेना. प्रिंटरची वायर काढून माझ्या मशीनला लावली, तर ते सीडी मागू लागले आणि सीडी त्याच्या कुलूपबंद ड्रॉवरमध्ये.

नेमका त्याच दिवशी चिचगडच्याही पलीकडचा एक माणूस मुलीच्या नर्सिंग प्रवेशासाठी दाखला न्यायला आला होता. दाखला तयार होता, माझ्या पडद्यावर दिसत होता. कचेरीचा दाखला बाहेरच्या दुकानात छापायला साहेब तयार नव्हते. तो माणूस माझ्या खांद्यावरून पडद्याकडे पाहत म्हणाला, "दिसून तं राहिला जी, मंग काऊन नाई भेटत?"

त्याची शेवटची बस गेली आणि तो बसस्टँडवरच झोपला.

सकाळी आमचा नवरदेव कपाळावरच्या कुंकवासकट आला. पायरीवर बसलेल्या त्या माणसाला त्याने विचारले, सगळे ऐकून घेतले, धावत आत जाऊन दाखला छापला आणि आपल्या मोटारसायकलवर त्याला हायवेपर्यंत सोडून आला. प्रवेशाचा अर्ज आदल्याच दिवशी द्यायचा होता. पुढे त्या मुलीचे काय झाले, आम्हाला कधीच कळले नाही.

"माह्यापायी झालं, बाबूजी."

"लाईटमुळे झालं. उगाच अंगावर घेऊ नकोस."

"नाई जी. मले माहीत होतं असं होईल म्हून."

त्याच दुपारी त्याने तो स्टिकर नखाने खरवडून काढला. इंटरनेटच्या डब्यापासून प्रिंटरपर्यंत वायर ओढली आणि मला शेजारी उभे केले. "प्रिंटरले बी पत्ता असते, जी," तो म्हणाला. पत्ता वाटायचे काम डब्यावर सोडले, तर लाईट गेली-आली की डबा कधी नवाच पत्ता देतो आणि आपले कम्प्युटर जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत बसतात. म्हणून त्याने पत्त्याचे आकडे प्रिंटरमध्ये कायमचे भरून टाकले. मग आपल्यासकट चार टेबलांवर तेच आकडे त्याने घातले आणि माझ्या टेबलाशी येऊन हात मागे बांधले.

"हे तुमी करा. माह्यासमोर करा."

"मला कशाला शिकवतोस या वयात?"

"माह्याबिगर कोनाले तरी हे याले पायजे."

तीनदा करायला लावले, तेव्हा माझी सुटका झाली. त्या संध्याकाळी तो कुणालाही काहीही न बजावता घरी गेला.

तीन महिन्यांनी करार संपत आला. साहेब नवे होते. त्यांनी छपाईची सद्यस्थिती लिहून मागितली; ती कशासाठी, हे माझ्या ध्यानातच आले नाही. मी लिहिले: 'सद्यस्थितीत सर्व टेबलांवरून छपाई स्वतंत्रपणे व सुरळीत होत आहे.' अशी वाक्ये लिहायला मला फार आवडे. उभी हयात त्यात गेली होती. ते लिहिताना मला छान वाटले होते, हे सांगताना आज लाज वाटते. लिहिलेला कागद टाइप करायला मी सवयीप्रमाणे त्याच्याच टेबलावर टाकला.

तो उभ्यानेच टाइप करत होता. मध्येच बोटे थांबली.

"बाबूजी, हे असंच ठेवू?"

मी फाईलमध्ये डोके घालून बसलो होतो. म्हणालो, "असंच. आणि लवकर दे."

त्याने एक अक्षर बदलले नाही. कागद छापून माझ्यापुढे सहीला धरला आणि मी न वाचता सही केली. साहेबांचा शेरा आला: मुदतवाढीची आवश्यकता दिसत नाही. तेव्हा कुठे मी माझे वाक्य नीट वाचले. साहेबांकडे धावलो. ते म्हणाले, "तुम्हीच तर लिहिलंय." खरेच होते. माझ्या मूर्खपणावर माझीच सही होती.

तो गेला. पुढे कचेरीत इंटरनेटचा नवा डबा बसला आणि प्रिंटर मुका झाला. व्हरांड्यात लोक ताटकळू लागले. अर्धा तास मी फोन हातात घेऊन नुसता येरझाऱ्या घालत होतो. शेवटी लावला.

"बोला, बाबूजी." मागे बसचा हॉर्न वाजत होता. तक्रारीचा एक शब्द नाही. "प्रिंटरचं हिरवं बटन दाबून धरा. पाच मोजा. कागद निघन, तो वाचा."

कागद निघाला. मी आकडे वाचले. नव्या डब्याशी जुळणारे कोणते घालायचे, ते त्याने सांगितले. कागदाच्या तळाशी इंग्रजीत आणखी एक ओळ होती, संपर्क व्यक्तीची. तिच्यापुढे माझे नाव होते, आडनावासकट.

"हे कधी टाकलंस?"

"वायर लावली त्याच दिवशी. बिघडलं तं कोनाले बोलवाचं, ते विचारते मशीन. माहं नाव टाकून काय फायदा होता, जी? मी तं जानारच होतो."

मला त्या टिपणीबद्दल बोलायचे होते. त्याने विचारले, "आकडे टाकले का?"

"टाकले."

"मंग छापून पाहा."

छापले. "निघाला," मी म्हणालो.

"बरं झालं, जी. गाडी लागली, ठेवतो."

माफी तोंडातच राहिली. पुन्हा लावला तर फोन लागला नाही, नंतरही कधी लागला नाही. निवृत्त होईपर्यंत कचेरीत प्रिंटर अडला की सगळे माझ्याच नावाने हाक मारत आणि मी हातातले टाकून धावत जाई.