डॉक्टरांचे काका-काकू

माझ्या बायपासला तीन महिने झाले. छातीला धक्का नको म्हणून बायको तेव्हापासून दुसऱ्या खोलीत झोपते. आता तिने परत यायला हरकत आहे का, हे डॉक्टरांना विचारायचं आम्ही घरूनच ठरवून निघालो होतो. तिशीतल्या त्या सभ्य डॉक्टरांनी मीठ, जिने, स्कूटर सगळं समजावलं आणि विचारलं, "काका, काकू, अजून काही शंका?"

आपल्याकडे दवाखान्यात पेशंटला लगेच नात्यात घेतात. एकदा काका झालं की माणसाला फक्त रक्तदाब उरतो.

बायको म्हणाली, "लोणच्याची एखादी फोड चालेल का हो?"

"चालेल की, काकू!"

पुढची तपासणी सहा महिन्यांनी होती. रिक्षात ती म्हणाली, "तेव्हा विचारू."

मी बरं म्हणालो.